चौथा कोपरा

आधी प्लग काढायचा, मग बाकीचं,
असं कवडू मिस्त्री म्हणाले होते.
म्हणून मी आधी प्लग काढते,
लाइट गेलेली असतानासुद्धा.

कुरखेड्याहून आणलेली जुनी मशीन,
पत्र्याच्या छपराखाली, मोहाला टेकून.
टेबलात खाच, खाचेत सरकणारी पट्टी,
पट्टीवर आकडे छापलेला अर्धा चंद्र
आणि त्याला कसलेला फेन्स.
आकड्यांत पंचेचाळीस जास्त झिजलेला.
आधीच्या मालकाचा अंगठा तिथेच थांबत असावा.

तो आकडा खोटं बोलतो,
हे मला मिस्त्रींनी नाही, पहिल्या चौकटीने सांगितलं.
तीन कोपरे असे मिटले
जसे एकाच झाडात वाढले होते,
आणि चौथ्यात फट.
मिस्त्रींनी खिशातून बसचं तिकीट काढलं,
फटीत सरकवलं. बसलं.
"आता हिशेब कर दुर्पता,
हे एवढं कुठून आलं."

आठ काप. प्रत्येकाने केसाएवढं चोरलं
आणि सगळी चोरी एकाच घरात लपवली.

पट्टी खाचेत खुळखुळत होती.
थंड्याच्या डब्याचा पत्रा कापून तिच्या कडेला चिकटवला,
आता ती जाते, डुलत नाही.
मग गुण्या: एक हात फेन्सला,
दुसरा पात्याच्या अंगाला. दातांना नाही.
दात एक इकडे, एक तिकडे वाकलेले,
त्यांची साक्ष धरत नाहीत.
मागून बॅटरी धरायची.
उजेडाची रेघ दिसली की नट ढिला,
तळहाताने एक टिचकी, पुन्हा कसायचं.
कसताना तो पुन्हा हलतो.
किती दिवस मला वाटे, माझाच हात वाईट.

काटकोन मिळाला, तिथे खिळ्याने खूण केली.
मग पंचेचाळीस.
येनाचे भंगार तुकडे कापले, जोडले, कोपऱ्यात गुण्या.
नाही.
सरकवलं. पुन्हा दोन तुकडे.
नाही.
टोपलं भरलं तुकड्यांनी, सासूची चूल दोन दिवस चालली.
"शिकून राहिली का सरपण करून राहिली?" तिने विचारलं.
दोन्ही, म्हटलं.

सागाच्या चार पट्ट्या ग्रामसभेच्या.
लालसूकाका नकाशा घेऊन आले होते,
सायकलच्या ट्यूबने बांधलेला:
नाला, बांबूचं रान, देवाची जागा,
आणि भोवती लाल रेघ, गावाने पायी फिरून काढलेली.
"चार लाकडं तं हायेत. आठ दिवस काहून?"
मी तिकिटाची गोष्ट सांगितली.
ते बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले.
"आमची बी हद्द पहिल्यांदा मिळाली नव्हती, बाई.
निघालो थ्या दगडापाशी आलोच नाही.
वीस पावलं खाली, नाल्यात."

या आठवड्यात लाइट रात्री बाराला.
फेन्सवर पॉलिश पेपर चिकटवलेला, लाकूड घसरू नये म्हणून.
टोकाला ठोकळा बांधलेला,
समोरासमोरच्या बाजू सारख्या याव्यात म्हणून.
व्होल्टेज कमी, पातं घसा बसल्यासारखं.
घाई केली तर ते लाकडात अडतं,
म्हणून ते मागेल तेवढंच द्यायचं.
प्रत्येक कापानंतर बटण बंद,
पातं पूर्ण थांबेतो दोन्ही हात पोटाशी.
कापलेला तुकडा तिथेच पडलेला, बोलावत असतो.
जायचं नाही.

सकाळी मिस्त्री आले. मोतीबिंदूने डोळे दुधाळ.
नखाने कोपरे वाचले: एक, दोन,
तिसऱ्यावर थोडं थांबले, पुढे गेले.
काही बोलले नाहीत.
मला कळलं, त्यांना कळलं.
तिकीट मात्र कुठेच शिरेना.

चौकट समाजमंदिरात टांगली
आणि सगळ्यांनी माना तिरप्या केल्या.
डावीकडे उतरती दिसत होती.
मी धावत जाऊन गुण्या लावला, चारही कोपऱ्यांना.
"भिंत वाकडी हाये," मी म्हटलं, "चौकट नाही."
लालसूकाका खुर्चीवरून उतरले,
हात झटकले.
"भिंत बी आपणच बांधली व्हती," म्हणाले.
"राहू दे."